आभाळाचाही अनुशेष?

येत्या काही वर्षांत आकाशात काय काय दिसणार याच्या याद्या सध्या मोबाईलवर जोरात फिरताहेत. त्यात थापा बऱ्याच असतात, म्हणून खरं तेवढं आधी सांगतो. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्त-सौदीकडे खग्रास सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास, सूर्याचा थोडाच भाग झाकला जाईल आणि आषाढातले ढग आडवे आले तर तेवढंही दिसणार नाही. खरी मजा ३१ डिसेंबर २०२८ ला. ऐन थर्टीफर्स्टच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. साडेआठनंतर चंद्र झाकायला लागेल, पावणेदहा ते अकरा पूर्ण तांबडा दिसेल आणि नवं वर्ष लागल्यावर पाच-सात मिनिटांत ग्रहण सुटेल. दुर्बीण नको, चष्मा नको. उस्मानपुऱ्यातली कुठलीही गच्ची चालेल.

पण आज लिहायचंय ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका दुपारबद्दल. तारीख २२ जानेवारी १८९८, वार शनिवार, पौषातली अमावास्या. त्या दिवशी चंद्राची सावली कोकणात जमिनीवर चढली आणि महाराष्ट्र तिरका कापत विदर्भातून पुढे गेली. सावलीचा पट्टा शंभर किलोमीटरच्या आतला. त्या पट्ट्यात भरदुपारी सुमारे दोन मिनिटं रात्र झाली.

काळ कसा होता बघा. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच लोकांनी सोसलेला. मुंबई-पुण्यात प्लेग. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. ज्यांनी मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ मोजणारं 'ओरायन' १८९३ मध्ये लिहिलं, ते नेमके या ग्रहणाच्या वेळी गजाआड. आणि अशा वातावरणात जगभरचे खगोलशास्त्रज्ञ पेट्या घेऊन महाराष्ट्रात उतरले.

पहिला तळ विजयदुर्गावर, नॉर्मन लॉकियर यांचा. मदतीला इंग्रजांच्या युद्धनौकेवरचे खलाशी. इथे एक दुरुस्ती करून घ्या, कारण दर ऑगस्टमध्ये फॉरवर्ड येतोच की हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ ला विजयदुर्गावर लागला. १८६८ चं ग्रहण खरं आणि ते भारतातूनच दिसलं. पण जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ तेव्हा गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियरनी सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच टिपली. ते विजयदुर्गाला आले ते ३० वर्षांनी, या १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही, फक्त साल बदलतं.

दुसरा तळ जेऊरला. आपल्याकडून नगरवरून करमाळ्याच्या बाजूला गेलं की सोलापूर जिल्ह्यातलं हे रेल्वे स्टेशन लागतं. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीसह आले होते. त्यांनी सोबत ४० फुटी कॅमेरा आणला होता. हो, ४० फूट. नीट वाचलंत. त्याच जेऊरला पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते. सायन्स कॉलेजच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे हे प्रमुख. तिथे २० इंची दुर्बीण होती, तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी. पुढे १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद करून सामान कोडाईकॅनालला नेलं. पुणेकर यावर फारसं बोलत नाहीत.

तिसरा तळ अमरावती जिल्ह्यातल्या तळणीला, धामणगाव-पुलगावच्या बाजूला. माझ्या मते सगळ्यात भारी काम इथे झालं. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी तिथे होती आणि त्यांच्यात अॅनी माँडर नावाच्या बाई. या बाई ग्रिनिच वेधशाळेत नोकरीला होत्या. १८९५ मध्ये लग्न केलं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही असा नियम. (साहेबाच्या देशातही असले नियम होते, उगाच आपल्यालाच नावं ठेवू नका.) नोकरी गेली, पण अभ्यास सोडला नाही. तळणीला त्यांच्याकडे फक्त दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा होता. त्यातून सूर्याच्या प्रभामंडळाचा एक झोत त्यांनी पकडला, कित्येक सूर्य एकापुढे एक ठेवावेत इतका लांब. तोपर्यंत एवढा लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

आता नकाशा घ्या. जेऊर आणि तळणी या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवा. पट्टी कुठून जाते? बीड, परभणी, हिंगोली. म्हणजे सावली आख्खा मराठवाडा तिरपा कापत गेली आणि या नामवंतांचे तळ मात्र आपल्या अलीकडे आणि पलीकडे. औरंगाबाद त्या पट्ट्याच्या थोडं उत्तरेला, इथे सूर्य बराचसा झाकला, पण रात्र झाली नाही.

असं का? मला तर उत्तर रेल्वेत दिसतं. एवढ्या पेट्या, काचा, लोखंडी सांगाडे बैलगाडीवर किती लांब नेणार? जेऊर जीआयपी रेल्वेवर, तळणी नागपूरकडच्या लाईनवर. दोन्हीकडे इंग्रजांचा कारभार. मधला भाग निजामाचा आणि तिथे रूळच नव्हते. मनमाडहून औरंगाबादला रेल्वे आली ती १९०० मध्ये. ग्रहण झालं आणि दोन वर्षांनी गाडी आली. मराठवाड्याच्या माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही.

गणित मात्र आपल्याकडे नवं नव्हतं. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटण लागतं. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद आहे. आणि ग्रहणाच्या दोनच वर्षं आधी, १८९६ मध्ये शं. बा. दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीत छापून आलं होतं. तेव्हा ग्रहण कधी लागणार हे आपल्या पंचांगवाल्याला ठाऊक होतंच. नव्हता तो कॅमेरा, आणि तो इथवर आणणारी गाडी.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या निजामाच्या राज्यात आपण होतो, तिथेच १९०१ मध्ये नवाब जफरजंग यांनी हैदराबादला वेधशाळा सुरू केली. १९०८ मध्ये ती सरकारने घेतली. सगळ्या आकाशाचे फोटो काढून ताऱ्यांची यादी करायची असा जागतिक प्रकल्प १८८७ मध्ये पॅरिसमध्ये ठरला होता, त्यातला एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा मोजल्या. निजामाच्या खजिन्यात मराठवाड्याचा सारा जात होताच, म्हणजे त्या ताऱ्यांत थोडा आपलाही वाटा. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो आणि वेधशाळा तिकडेच राहिली. साहजिकच आहे, पण वाटणीच्या यादीत तिचं नाव कुणी घेत नाही.

१६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण कर्नाटक-आंध्रातून खग्रास दिसलं. महाराष्ट्रात खंडग्रास, तरी रस्ते ओस पडले होते. लोक बाहेर पडू नयेत म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा लावल्याचं जुने लोक आजही सांगतात. वेध, मोक्ष, गरोदर बाईने भाजी चिरायची नाही, गल्लीतून 'दे दान सुटे गिराण' अशी हाळी, हे सगळं आपल्या वस्त्यांनी पाहिलंय. त्याला नुसतं हसून उपयोग नाही. खग्रास दोन मिनिटांची असते, भीती मात्र पिढ्यान् पिढ्या पुरते. ती घालवायला एकदा गच्चीवर उभं राहून बघावंच लागतं. त्यासाठीच २०२८ ची रात्र चांगली. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी कितीही वेळ पाहा, काही होत नाही. सूर्यग्रहणाला मात्र ग्रहणाचा चष्मा पाहिजेच. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच असले प्रयोग बंद करा.

आता नकाशावरची ती पट्टी परत बघा. ती ज्या हिंगोली जिल्ह्यावरून जाते, तिथेच औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं आदळली की अवकाशात जी लहर उठते ती पकडायची, त्यासाठी प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा. केंद्राने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. सरकारी वेळापत्रकात २०३० साल आहे. आपल्याकडची वेळापत्रकं आपल्याला माहीत आहेत, म्हणून लोकप्रतिनिधींना हा प्रश्न अधूनमधून विचारत राहा. समृद्धी महामार्ग आणि पाण्याच्या प्रश्नासारखाच तोही विचारायचा प्रश्न आहे.

आणि एक विनंती. साहेबांचे अहवाल त्यांच्या त्यांच्या तळांचे. माजलगाव, सेलू, जिंतूर, हिंगोली या पट्ट्यात कुणाच्या घरी पणजोबा-खापरपणजोबांकडून 'भरदुपारी रात्र झाली, कोंबडे आरवले' अशी गोष्ट चालत आली असेल, जुन्या वहीत, पंचांगाच्या कडेला काही लिहिलेलं असेल, तर खाली गावाच्या नावासकट लिहा. फोटो असेल तर इनबॉक्समध्ये टाका. मी एकत्र करून छापतो.