कोजागरीचे फासे

‘को जागर्ति?’ असं विचारत लक्ष्मी आश्विन पौर्णिमेच्या रात्री फिरते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ज्या श्लोकातून हा प्रश्न आला, त्याचा उत्तरार्ध मात्र सहसा कुणी सांगत नाही. कोण जागं आहे, असं विचारणारी ही वरदायिनी पुढे म्हणते की जो फासे खेळत असेल त्याला मी धन देईन. जप करणाऱ्याला नव्हे, पोथी वाचणाऱ्याला तर नव्हेच. जागृती म्हणजे ज्ञानाची जागृती वगैरे जे आपण मंडळाच्या भाषणात ऐकतो, ते त्या श्लोकात नाही.

व्रताची कहाणीही तशीच आहे. मगध देशातला वलित नावाचा दरिद्री ब्राह्मण भांडखोर बायकोला कंटाळून रानात निघून जातो. पौर्णिमेच्या रात्री तिथे नागकन्या फासे मांडून बसलेल्या असतात आणि त्यांना एक भिडू कमी पडत असतो. वलित बसतो आणि हरत जातो. तरीही लक्ष्मी त्याच्यावर प्रसन्न होते, कारण तो जागा आहे आणि खेळतो आहे. हरलेल्या जुगाऱ्याचं भलं करणारी दुसरी व्रतकथा मला तरी आठवत नाही.

देवीला फाशांचं एवढं कौतुक का? माझ्या मते फासे आधीचे, देवी नंतरची.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात नगरवासीयांच्या खेळोत्सवांची नावं येतात: यक्षरात्री, कौमुदीजागर, सुवसंतक. कौमुदी म्हणजे चांदणं. टीकाकार यशोधर कौमुदीजागराची तिथी आश्विन पौर्णिमा अशी सांगतो, आणि त्या रात्रीचे मुख्य खेळ कोणते, तर झोपाळे आणि द्यूत. तिथे लक्ष्मी नाही, तिचा प्रश्नही नाही. मला हा दुवा लागला आणि वाटलं, ‘कोजागर’ हा ‘कौमुदीजागर’च. नाव झिजून अर्थ हरवला, उरलेल्या ‘को’मध्ये लोकांना संस्कृतातला ‘कोण’ ऐकू आला, आणि मग तो विचारायला कुणीतरी हवं म्हणून लक्ष्मी आली.

पंडित यावर हसतील, आणि त्यांच्याकडे मुद्दा आहे. ‘कौमुदी’चं प्राकृतात ‘कोमुई’ होतं. ‘को’ सापडला, पण ‘मुई’ गेली कुठे? शिवाय बोलण्यातून नाम तयार होणं संस्कृतला नवं नाही. ‘मी, मी’ म्हणण्यातून ‘अहमहमिका’ झालीच की! ध्वनीच्या बाजूने माझा डाव कच्चा आहे, हे कबूल. पण प्रश्न आधी आणि उत्सव नंतर असं मानलं, तर श्लोकातल्या फाशांचं काय करायचं? केवळ जागरणाचं फळ सांगायचं असतं, तर जुगाराची अट घालायला कोण गेलं असतं? ती अट तिथे आहे, कारण त्या रात्री लोक खेळतच होते.

खेळत कुठे होते? वलित मगधातला. ‘मुद्राराक्षस’ नाटकात चंद्रगुप्त कौमुदीमहोत्सवाची आज्ञा देतो आणि चाणक्य ती मोडतो, ते कुसुमपूर म्हणजे मगधाची राजधानी पाटलिपुत्र. पाली ‘सामञ्ञफलसुत्ता’त कोमुदीच्या चांदण्यात अस्वस्थ होऊन बुद्धाकडे जाणारा अजातशत्रूही मगधाचाच राजा. तिथे पौर्णिमा कार्तिकाची आहे, ही अडचण खरी. पण पावसाळा सरल्यावरच्या चांदण्याचा हा सण एका पौर्णिमेने मागेपुढे झाला असणार, असं मी धरून चालतो. मगधाच्या समोर, गंगेपलीकडच्या मिथिलेत आजही ‘कोजागरा’ला नवविवाहित नवरदेवाकडे सासरहून मखाणे आणि विड्याची पानं येतात, आणि त्याला कवड्या खेळायला बसवतात. बंगालमध्ये त्या रात्री नारळ आणि पोहे. आपल्या व्रतग्रंथांतही नैवेद्य तोच, पोहे आणि नारळाचं पाणी. मसाला दूध हा नंतरचा थाट.

पोह्यांवरून या रात्रीचं दुसरं कूळही कळतं, ते म्हणजे शेताचं. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. भाताच्या नव्या लोंब्यांचं ‘नवं’ दाराला बांधतात. पारस्कर गृह्यसूत्रात या पौर्णिमेला इंद्रासाठी खीर शिजवून दही, मध, तूप घालून आहुती द्यायला सांगितलं आहे. कोजागरीला लक्ष्मीबरोबर इंद्राची पूजा का, याचं उत्तर मला इथेच दिसतं. शेतकऱ्याचा इंद्र आणि नगरातले फासे एका रात्रीवर येऊन बसले, आणि दोघांमध्ये मध्यस्थ म्हणून लक्ष्मी.

महाराष्ट्रात फासे या रात्रीतून उठले आणि, माझा अंदाज, पंधरवड्याने येणाऱ्या पाडव्यावर जाऊन बसले. बलिप्रतिपदेचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा आहेच. तरी कोजागरीला सारीपाट किंवा कवड्या मांडायची रीत तुमच्या घरात कुणाला आठवत असेल, तर खेळाचे नियम विचारून लिहून ठेवा.