पांढरी, पहार आणि पुरलेली नाणी

मराठवाड्यातल्या गावाची जमीन दोन रंगांनी ओळखली जाते. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. नांदेड-लातूर भागात जमिनीतून निघालेल्या जुन्या नाण्यांची हकिगत या दोन मातींशी आणि त्यांत शिरलेल्या हत्यारांशी बांधलेली आहे. काळीत नांगराचा फाळ फिरला, पांढरीत कुदळ आणि पहार चालली. अलीकडे त्यांच्या जोडीला मुठीत मावणारा धातुशोधक आला. हत्याराचे टोक बारीक होत गेले तशी नाण्याची जागा अधिक अचूक कळू लागली. त्या जागेचा अर्थ मात्र त्याच वेगाने हातचा निसटू लागला.

पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या घरांची माती. मातीच्या भिंती ढासळल्या, त्यांवर नवी घरे उभी राहिली. चुलीची राख, शेण, खापरे आणि हाडे त्यात मिसळत गेली आणि गावाखालचे टेकाड वर आले. हीच माती माळवदावर पसरायला लागे, गढीच्या भिंतींना लागे आणि खत म्हणून शेतातही जाई. त्यामुळे जुन्या वस्तीचे टेकाड कोणी ना कोणी सतत उकरत असे. कुदळीच्या घावाखाली गाडगे फुटे आणि नाणी घरंगळत बाहेर येत. आजवरच्या बहुतेक नाणेनिधींचा शोध असा, दुसरेच काम करताना लागलेला आहे.

नाणी पुरण्याची कारणे या प्रदेशाला पुरेशी होती. पेढी दूरच्या शहरात, चोराची भीती घरात आणि फौजांची ये-जा वेशीवर. औसा, उदगीर, कंधार, माहूर हे किल्ले ज्या वाटांवर उभे आहेत, त्याच वाटांनी बहमनी, बरीदशाही, निजामशाही, मोगल, मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची सैन्ये गेली. 3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगीरजवळ मराठ्यांनी निजामाला शरण आणले. अशा प्रत्येक मोहिमेत आसपासच्या गावांवर चारा-दाण्याचा बोजा पडे, आणि ज्याच्याकडे चार मोहरा असत तो त्या हंड्यात घालून चुलीखाली, गोठ्यात किंवा भिंतीत लपवी. परत येऊन काढणारा जिवंत राहिला नाही तर तो ठेवा तसाच राही. 1947-48 मध्ये रझाकारांच्या भीतीने गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या आठवणींतही पुरून ठेवलेल्या दागिन्यांचे आणि रुपयांचे उल्लेख येतात.

नाण्यांचे थर प्रदेशाच्या इतिहासासारखेच एकावर एक आहेत. लातूरच्या पश्चिमेला धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये पटवून दिली. तिथल्या पांढरीने सातवाहनांची नाणी, मणी आणि मृण्मूर्ती मोठ्या संख्येने दिल्या, आणि त्यांतला बराच ठेवा गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. त्यानंतर एक विलक्षण पोकळी दिसते. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला लत्तलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवतात. कंधारला त्यांच्या काळातले मोठे नगर होते. तरीही एवढ्या बलाढ्य घराण्याची म्हणून निःशंकपणे दाखवता येतील अशी नाणी जवळजवळ नाहीत. लातूरच्या मातीला विचारावा असा याहून मोठा नाणकशास्त्रीय प्रश्न नाही. बहमनी तांब्याची नाणी आणि निजामाचा हाली सिक्का मात्र विपुल मिळतो. मीर महबूब अली खान यांच्या काळात यंत्रावर पाडलेल्या हाली नाण्यांवर चारमिनार आला. इंग्रजी रुपयाला इकडे कलदार म्हणत. सहा कलदारांना सात हाली असा भाव चाले. त्यामुळे एकाच हंड्यात दोन्ही निघाले, तर त्या घराचा व्यवहार निजामी हद्दीपलीकडेही होता असा तर्क करता येतो.

नांदेड शहरात पुरलेल्या धनाची सर्वांत प्रसिद्ध परंपरा मालटेकडीची आहे. शीख परंपरेनुसार 1708 मध्ये गुरू गोबिंदसिंग नांदेडला असताना फौजेचा पगार देण्यासाठी त्यांनी या टेकडीतला ठेवा बाहेर काढला, ढालीने मापून शिपायांना वाटला आणि उरलेला पुन्हा पुरला. त्याच जागी आज गुरुद्वारा आहे. परंपरेने ढालीचे माप जपले आहे, हे तिचे मोल. नाणी मोजून नव्हे, मापून वाटण्याइतकी होती ही कल्पना त्या एका शब्दात मावते.

सापडलेले धन कोणाचे, याचा विचारही याच परिसरात फार पूर्वी झाला. लातूर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडच्या कल्याणीत, चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तीत निधी सापडवणाऱ्याला सहावा हिस्सा आणि बाकी राजाला असा अर्थ लावला आहे. लपवून ठेवणाऱ्याला दंड आहे. इंग्रजी मुलखात 1878 चा निखात निधी कायदा आला. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले की कलेक्टरला कळवायचे. ते शंभर वर्षांपूर्वीचे आणि बेवारस ठरले तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला, एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा लागे. न कळवणाऱ्याचा वाटा जाई आणि वर शिक्षा होई. निजामाच्या राज्यात 1914 मध्ये गुलाम याझदानी यांच्या हाताखाली पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि मराठवाड्यातली स्थळे प्रथमच पद्धतशीर नोंदीत आली.

कायदा काही म्हणो, लोकांची शोधण्याची रीत वेगळी होती. पायाळू माणसाला, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याला, जमिनीतले पाणी आणि धन दिसते असा समज होता. त्याच्या डोळ्यांत अंजन घालून त्याला माळावर फिरवत. धनावर नाग बसलेला असतो, तो बळी मागतो, ही समजूत याहून घातक. तिच्यापायी माणसांचे प्राण गेले आहेत. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली, आणि भानामतीने ग्रासलेल्या मराठवाड्याला त्याची गरज होती.

या सगळ्यात डोळस साधन एकच होते, पहार. खडकाला लागली की ती खणखणते, पोकळीवर बद्द वाजते, खापरावर करकरते. हाताला आणि कानाला एकदम कळणारी ही भाषा गवंड्याला आणि विहीर खणणाऱ्यालाही ठाऊक असते. दोष एवढाच की पहार जे शोधते तेच फोडते.

विजेच्या साधनाची सुरुवात दूर झाली. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तनावर चालणारे यंत्र वापरले. ते अपयशी ठरले. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांच्या सुरुंगशोधकाने 1942 मध्ये अल अलामीनला वाट मोकळी करून दिली. युद्धानंतर उरलेली यंत्रे बाजारात आली आणि नाणी शोधण्याचा छंद युरोप-अमेरिकेत पसरला. नांदेडच्या माणसाला या घराण्यातले साधन ओळखीचे झाले ते मोठ्या देवस्थानांच्या दारात आणि बॉम्बशोधक पथकाच्या हातात.

तत्त्व सोपे आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की जमिनीतल्या धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्राला आवाज करायला लावतो. मोठी थाळी वीतभर रुंद भागात काहीतरी आहे एवढेच सांगते. खड्डा घेतल्यावर हातातला छोटा टोकशोधक पुढे येतो. त्याचे वेटोळे बोटाएवढ्या टोकात असते, नाण्याला तो दोन-तीन बोटांवरूनच ओळखतो आणि जवळ जाताच त्याची टिकटिक दाट होते. शेवटच्या बोटभर मातीत पितळी किंवा तंतुकाचेची बोथट सळई हलक्या हाताने टोचतात, म्हणजे नाण्यावर ओरखडा उठत नाही.

दख्खनची माती या यंत्रांना त्रास देते. काळी माती बेसाल्टची पूड. तिच्यातल्या मॅग्नेटाइटमुळे यंत्र रिकाम्या जागीही कुरकुरते. पांढरीतली भाजलेली माती आणि चुलीची राख त्यात भर घालते, शिवाय जुन्या घरांचे खिळे आणि कड्या खऱ्या आवाजाला झाकतात. सळईही इथे बेतानेच चालवावी लागते. सातवाहनांची शिशाची नाणी नखाने ओरखडतील इतकी मऊ असतात, तर तांबे, कथील आणि शिसे मिसळून केलेली पोटीनची नाणी ठिसूळ असतात. लोखंडी टोकाचा एक घाव, आणि राजाच्या नावाची अक्षरे गेली.

अक्षरांपलीकडचे नुकसान त्याहून मोठे आहे. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला होता. ढीग अखंड राहिला म्हणून एका राजाने दुसऱ्याचा खजिना जिंकला हे सिद्ध झाले. वाशीम भागातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये निघालेल्या दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांनी कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांना माहीत नसलेली नावे दिली, वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. हेच निधी एकेका नाण्याच्या आवाजावर, एकेका खड्ड्यातून वेचले गेले असते आणि सराफाच्या मुशीत किंवा संग्राहकांच्या पाकिटांत विखुरले असते, तर यातले काहीच कळले नसते.

शोध कुठे लागला यावरही पुष्कळ अवलंबून असते. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगून मिटते. भेगेत पडलेले नाणे खाली सरकते, म्हणून काळीतल्या खोलीवरून त्याचा काळ ठरत नाही. पांढरीत मात्र राखेचा थर, जमिनीचे लिंपण आणि खापरे जागच्या जागी असतात. तिथे नाणे ज्या थरात पडले आहे तो थर त्या नाण्यावरून तारखेला बांधता येतो. टोकशोधकासाठी घेतलेला बादलीभर खड्डा नेमके हे नाते तोडतो. संरक्षित स्मारकांत परवानगीवाचून खोदणे गुन्हा आहे, पण ओसाड गढ्या आणि पांढरीची टेकाडे बहुतांशी त्या यादीबाहेर आहेत. गुप्तधनाच्या आशेने त्यांच्या पोटात रात्रीतून पाडलेली भगदाडे नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत दिसतात.

उत्खननातही धातुशोधक वापरतात, पण उलट क्रमाने. आधी चौकोन आखायचे, थर उतरवायचे, आणि टोकशोधक फिरवायचा तो बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगावरून, चाळणीतून सुटलेले नाणे हाती यावे म्हणून. ते सापडले की चिठ्ठीवर चौकोन, थर आणि खोली लिहून नाणे पाकिटात जाते. शेतकऱ्याच्या फाळाला हंडा लागला तर त्याने नाणी धुऊ नयेत, गाडग्याचे तुकडे टाकू नयेत आणि जागा न विस्कटता तहसील कचेरीत कळवावे. त्यावरून होणाऱ्या पंचनाम्यात शेताचा गट क्रमांक आणि खोली नोंदवली जाते.