नगरच्या छावणीतून ल्हासाला: दोघांचा हिवाळा

आजची गोष्ट तिबेटची, पण सुरुवात नगरपासून करतो. आत्ताचं अहिल्यानगर. सप्टेंबर १९३९. युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन लोकांना इंग्रजांनी नगरच्या छावणीत तारेमागे टाकलं. त्यात नंगा पर्बतची वाट शोधून परतणारे दोन गिर्यारोहक होते. मोहिमेचा प्रमुख पेटर आउफश्नायटर, वय ३९, आणि त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान हाइनरिश हारर, ज्यानं आदल्याच वर्षी तिघांसोबत आयगरची उत्तर भिंत पहिल्यांदा सर केली होती.

नगरमध्ये असताना विचार होता गोव्याला पळायचा. बरोबरच आहे, पोर्तुगाल तटस्थ, आणि गोवा त्यातल्या त्यात जवळ. पण पुढे त्यांना डेहराडूनला हलवलं आणि समोर हिमालय दिसायला लागला. मग काय, गोवा राहिला बाजूला!

२९ एप्रिल १९४४ ला सात जण भर दुपारी दरवाजातून चालत बाहेर पडले. दोघं इंग्रज अधिकारी बनलेले, बाकीचे तोंडाला रंग फासून, खांद्यावर शिडी घेतलेले हिंदी मजूर. एखाद्या नाटकात शोभेल असा प्रवेश. यातले चौघे तिबेटात शिरले, आणि शेवटी उरले आपले हे दोघं.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. तिबेटात परवान्याशिवाय परक्याला थारा नव्हता. मारहाण नाही, तुरुंग नाही, पण गावोगावचे अधिकारी गोड बोलून 'परत जा' म्हणायचे, आणि गावकऱ्यांना यांना धान्य विकायची चोरी. नेपाळ सीमेजवळच्या क्यिरोंगमध्ये दोघांनी बरेच महिने काढले. तिथूनही निघा म्हटल्यावर, १९४५ च्या नोव्हेंबरात, त्यांनी ल्हासाची दिशा धरली.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. ल्हासाला जाणारा सरळ रस्ता त्सांगपोच्या, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून. मुक्कामाची ठाणी, घोडे, सगळी सोय. आणि म्हणूनच प्रत्येक ठाण्यावर परवाना विचारणारा माणूस. उत्तरेला चांगथांगचं पठार: साडेचार हजार मीटरच्या वर, झाड नाही, गाव नाही, मधूनच मेंढपाळांचे काळे तंबू. भर हिवाळ्यात तिकडून कोण जाईल? कोणी जाणार नाही, म्हणूनच हे गेले. मला वाटतं, या साऱ्या कथेत सर्वांत थंड डोक्यानं घेतलेला निर्णय हाच. बर्फाशी वाद घालता येत नाही, पण बर्फ परवाना मागत नाही.

पारा उणे ३० च्या आसपास. सामान वाहायला एक याक, सोबतीला एक कुत्रं. खायला त्साम्पा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, आणि मिळेल ते मांस. शेकोटीला याकच्या शेणाच्या गोवऱ्या. त्यात खाम्पा दरोडेखोरांची दहशत. एका तंबूत आसरा घेतला आणि लक्षात आलं, यजमान खाम्पाच! तिथून जीव घेऊन निसटले. पुढे जवळपास सहा हजार मीटरची गुरिंग खिंड ओलांडली. १५ जानेवारी १९४६ ला, आपल्याकडे संक्रांत नुकतीच झालेली, चिंध्या पांघरलेली ही जोडी ल्हासात शिरली. कुणी अडवलं नाही. एका मोठ्या घराच्या अंगणात जाऊन बसले. थांगमे नावाच्या सरदारानं त्यांना आत घेतलं.

इथं मला जरा थांबायचंय. हे सगळं आपल्याला मुख्यतः हाररच्या पुस्तकातून माहीत आहे, ते आलं १९५२-५३ मध्ये. जगभर खपलं. आणि १९९७ मध्ये, सिनेमा येण्याच्या सुमारास, उघड झालं की हा गडी १९३८ पासून एसएसमध्ये होता. पुस्तकात त्याचा पत्ता नाही. तारुण्यातली चूक, असं तो म्हणाला. मग चांगथांगची थंडी खोटी ठरते का? नाही ठरत. पण 'आम्ही' असं लिहिणारा माणूस काय वगळतो, हे कळल्यावर वाचताना दुसऱ्याचा आवाज शोधावासा वाटतो.

आणि तो दुसरा फारसा बोललाच नाही. तिबेटी भाषा मुळात त्याला चांगली येत होती. वाटेत अधिकाऱ्यांशी, मेंढपाळांशी बोलणं निभलं त्यात त्या भाषेचा वाटा मोठा. सिनेमात शिंपिणीवरून दोघांची चढाओढ दाखवलीय, ती मात्र पटकथाकाराची करामत. ल्हासात आउफश्नायटरनं कालवे आखले, हाररसोबत शहराचा नकाशा केला. हारर युरोपात परतून प्रसिद्ध झाला. हा नेपाळात राहिला, तिथलं नागरिकत्व घेतलं, नकाशे काढत राहिला. १९७३ मध्ये इन्सब्रुकला वारला. त्याच्या टिपणांचं पुस्तक निघालं, तेही त्याच्या मागे, दहा वर्षांनी.