मतयंत्रावरचं बुद्धिबळ

मतयंत्रांचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, "गैरप्रकार झाला का?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला कोणता, ते सांगतो.

२००६ साली नेदरलँड्समध्ये नेडॅप कंपनीची यंत्रं जवळजवळ सगळीकडे होती. ही यंत्रं मतं मोजण्यापलीकडे काही करूच शकत नाहीत, असा दावा होता. रॉप गाँग्रिप आणि सहकाऱ्यांनी काय केलं? आतल्या प्रोग्रॅमच्या चिपा बदलल्या आणि त्याच यंत्राला बुद्धिबळ खेळायला लावलं! मतदाराला बाहेरून फरक काय दिसणार? काहीच नाही.

शेजारच्या जर्मनीत २००५च्या संसदीय निवडणुकीत याच कंपनीची यंत्रं सुमारे २० लाख मतदारांनी वापरली होती. एक भौतिकशास्त्रज्ञ, उलरिख वीस्नर, आणि त्यांचे वडील घटना न्यायालयात गेले. ३ मार्च २००९ला निकाल लागला. घोटाळ्याचा पुरावा नव्हता, निवडणूक रद्द झाली नाही. तरीही त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरला. का? तर मतदानाचे आणि मोजणीचे मुख्य टप्पे साध्या नागरिकाला, तांत्रिक ज्ञान नसतानाही, पडताळता आले पाहिजेत.

आता कुणी म्हणेल, पुलाचं गणित आपण इंजिनियरवर सोपवतोच ना? सोपवतो. पण पूल पडला की दिसतो. चुकीचं मोजलेलं मत दिसत नाही.

न्यायालयाने यंत्रांना कायमची बंदी घातली नाही; पडताळणीची स्वतंत्र सोय असेल तर चालेल, म्हटलं. जर्मन मतदार मात्र अजून कागदावरच फुली मारतो, आणि मोजणी बघायला कुणीही जाऊन उभं राहू शकतं.