शांत जागा की न ऐकलेली जागा?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली, त्यांपैकी बहुतेक दगडमातीच्या माळवदी घरांखाली. त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा परिसर भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात होता. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर आहे, अशी समजूत त्यामागे होती. दुसरा आधार होता नोंदींचा. पण नोंद होण्यासाठी ऐकणारे कोणीतरी जवळ असावे लागते. म्हणून आपण भूकंपमापकांच्या जाळ्याचा आणि त्याच्या मांडणीचा इतिहास थोडक्यात पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञाने एकाच बनावटीची यंत्रे जगभर बसवण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी एक मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आले. पुढे १९६० च्या दशकात सुमारे १२० केंद्रांचे प्रमाणित जागतिक जाळे उभे राहिले. अणुस्फोट आणि भूकंप वेगळे ओळखणे ही त्यामागची मोठी गरज होती. या जाळ्यात पुण्याचे केंद्र होते. कोयनेला १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर धक्के जाणवू लागले, तेव्हा धरणाभोवतीही यंत्रे आली. याचा अर्थ असा, की जिथे धक्के माहीत होते किंवा मोठी वेधशाळा होती, तिथे यंत्रे बसली. मराठवाडा या दोन्हींत बसत नव्हता.

यंत्र दूर असल्याने काय बिघडते? भूकंपातून निघणाऱ्या प्राथमिक लहरी वेगवान, तर दुय्यम लहरी मंद असतात. दोन्हींच्या आगमनातले अंतर सेकंदांत मोजून त्याला ८ ने गुणले, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते ढोबळमानाने कळते. किल्लारी हैदराबादपासून सुमारे २१५ आणि पुण्यापासून सुमारे २९५ किलोमीटर आहे. म्हणजे हे अंतर अनुक्रमे २७ आणि ३७ सेकंद येईल. नकाशावर या त्रिज्यांची दोन वर्तुळे काढून पाहा. किल्लारी जवळजवळ पुणे-हैदराबाद रेषेवरच असल्यामुळे ती एकमेकांना जेमतेम शिवतात. एका सेकंदाची गफलत झाली, तर छेदनबिंदू उत्तरेला किंवा दक्षिणेला कित्येक किलोमीटर सरकतो, किंवा वर्तुळे भेटतच नाहीत. त्यामुळे रेषेबाहेरचे तिसरे केंद्र लागतेच. शिवाय लहान धक्का दूरच्या यंत्रापर्यंत पोचतच नाही.

किल्लारीकरांना १९९२ मध्येच धक्के जाणवू लागले होते. त्यांतला एक मोठा धक्का १८ ऑक्टोबर १९९२ चा. जमीन बोलू लागली होती, पण कायमचे दाट जाळे तिथे नव्हते. १९९३ च्या विध्वंसानंतर मात्र राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी तिथे तात्पुरती यंत्रे मांडून पश्चात धक्के टिपले. १९९६ नंतर हवामान खात्याच्या द्वीपकल्पातील अनेक केंद्रांवर कागदाच्या गुंडाळीऐवजी अंकीय नोंदणी आली. २००२ साली मानकाच्या नकाशात किल्लारीचा परिसर पट्टा ३ मध्ये गेला.

अंकीय नोंदींमुळे मांडणी बदलणे सोपे झाले. केंद्रांच्या नोंदी नावांच्या वर्णानुक्रमे लावल्या, तर पडद्यावर विस्कळीत रेषा दिसतात. त्याच नोंदी केंद्रबिंदूपासूनच्या अंतरानुसार लावल्या, की लहरींचे ठसे तिरप्या ओळीत येतात आणि ओळीबाहेरचे केंद्र लगेच खटकते. कदाचित त्याचे घड्याळच चुकलेले असते. तिसरी मांडणी प्रकृतीची: कोणते केंद्र चालू आहे आणि कोणते गप्प आहे. संगणकांच्या जाळ्यातही हीच सोय करावी लागली. १९८८ मध्ये एसएनएमपी नावाची पद्धत ठरली. तिच्यात देखरेखीचा संगणक इतर यंत्रांना ठरावीक वेळाने त्यांची हालहवाल विचारतो. ही उत्तरे मग इमारतीनुसार, प्रकारानुसार किंवा बिघाडानुसार लावता येतात. उत्तर न देणारे यंत्र यादीत लाल दिसते.

पण एक गोष्ट कोणत्याच यादीत दिसत नाही: जे यंत्र बसवलेच नाही ते लाल होत नाही. तिथे फक्त कोरी जागा उरते आणि पाहणारा तिला शांत जागा समजतो. किल्लारीने आपल्याला शिकवले ते हेच.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ परिमाणाचा धक्का नांदेडलाही जाणवला. या वेळी देशात राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे दीडशेहून अधिक केंद्रांचे जाळे होते आणि धक्क्याचे स्थान लवकर जाहीर झाले. शिक्षकांनी अशा एखाद्या धक्क्याच्या निमित्ताने वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगावा. विद्यार्थ्यांना वर्तुळे काढू द्यावीत आणि मग एकच प्रश्न विचारावा: या नकाशावरच्या रिकाम्या जागी काही घडत नाही, हे आपल्याला कसे कळले?