आनंदवनातील श्रमाचा इतिहास
चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी ओळखले जाते. पण त्याचा इतिहास उपचारांइतकाच रोजगाराचाही आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी होऊन हातापायांची संवेदना जाते. चटका बसलेला कळत नाही, जखमा चिघळतात, पुढे बोटे वाकतात, झिजून आखूड होतात. 1940च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. तरीही बऱ्या झालेल्या माणसाला काम मिळत नव्हते.

या नकाराला कायद्याचेही बळ होते. 1898च्या कुष्ठरोगी कायद्यानुसार सरकारने तसा आदेश लागू केलेल्या भागात कुष्ठरुग्णाला विक्रीसाठी अन्न शिजवणे, खाण्यापिण्याच्या वस्तू, औषधे किंवा कपडे विकणे, भाड्याचे वाहन हाकणे यांची बंदी करता येत असे. रोजगाराचे एकेक दार बंद झाले, की भीक तेवढी उरे.

बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्याच सुमारास कोलकात्यात या रोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले. 1951 मध्ये सरकारकडून मिळालेल्या 50 एकर खडकाळ माळरानावर आनंदवन सुरू झाले. उद्घाटन विनोबा भावे यांनी केले. बाबांसोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये. पहिले काम विहीर खणण्याचे होते. ज्या हातांना जग निकामी म्हणत होते, त्यांनीच ती खणली. दानावर जगणारा माणूस आतून खचतो आणि काम त्याला पुन्हा उभे करते, ही बाबांची ठाम धारणा होती.

कामाची विभागणी या धारणेला धरूनच झाली. एकाचे पाय अधू पण हात चालते, दुसऱ्याचे उलट, तर तिसऱ्याची नजर गेलेली. अशांनी मिळून एक काम पुरे करायचे. माणसाला कामासाठी नापास ठरवण्याऐवजी कामालाच माणसाजोगे वळण द्यायचे, ही आज कायद्यात आलेली कल्पना इथे गरजेपोटी, कोणत्याही नियमाविना रुजली.

काही वर्षांतच गरजेपेक्षा जास्त धान्य आणि भाजीपाला पिकू लागला. अडचण पुढेच होती: गावात ही भाजी कोणी घेईना. 1950च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशींचे स्वयंसेवक इमारती बांधायला आले. ते तिथेच राहिले, तिथलेच अन्न जेवले. ते पाहून गावाची भीती ओसरली आणि भाजी विकली जाऊ लागली. दुधाला गिऱ्हाईक मिळायला आणखी वेळ लागला. अडसर कामगाराच्या हातात नव्हता, गिऱ्हाइकाच्या मनात होता, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही अहवालातून दिसणार नाही.

पुढे हातमाग, सुतारकाम, पत्र्याचे डबे, छापखाना असे उद्योग उभे राहिले. 1964 मध्ये आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि ज्या गावाने भाजी नाकारली होती, त्याच गावची मुले आनंदवनात शिकायला येऊ लागली. अंध मुलांसाठी शाळा निघाली, अपंगांना व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन उभे राहिले.

आनंदवनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती वेगळी वसाहत होती. बाहेरच्या कारखान्यांनी, कचेऱ्यांनी दारे उघडली नाहीत म्हणून ती वसवावी लागली. बाहेरच्या नोकऱ्यांचा प्रश्न कायद्याकडे आला, आणि तोही उशिरा. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्याने कुष्ठमुक्तांची अपंगांत गणना केली आणि सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान 3 टक्के जागा ठेवल्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे प्रमाण 4 टक्क्यांवर नेले आणि कामाच्या जागी आवश्यक त्या सोयी देण्याचे बंधन घातले. खाजगी उद्योगांवर मात्र आरक्षणाची सक्ती आली नाही.

1898चा कुष्ठरोगी कायदा रद्द झाला तोही 2016 मध्येच. तोवर आनंदवनातल्या पहिल्या विहिरीला 65 वर्षे होत आली होती.