निसर्गचित्रण : संवर्धनाचे साधन

अरण्य, नदी, माळरान, पाणथळ अशा भूप्रदेशांची चित्रे काढून त्यांच्या रक्षणाला लोकमताचे बळ मिळवून देणारी कलापरंपरा.

इतिहास : अमेरिकी चित्रकार जॉर्ज कॅटलिन याने १८३२ च्या प्रवासानंतर मूळ रहिवासी व वन्यप्राणी दोघांनाही सामावणाऱ्या ‘राष्ट्राच्या उद्याना’ची कल्पना मांडली. १८७१ मध्ये फर्डिनंड हेडन याच्या सर्वेक्षण पथकासोबत टॉमस मोरन यलोस्टोनला गेला. त्याची जलरंगचित्रे व विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रे पाहून काँग्रेसच्या सदस्यांना त्या दुर्गम प्रदेशाची प्रचीती आली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झाले. मोरनचे भव्य तैलचित्रही काँग्रेसने त्याच वर्षी १०,००० डॉलरना विकत घेतले.

महाराष्ट्र : मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेमुळे (स्थापना १८५७) येथे निसर्गचित्रणाला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली. तिचे विद्यार्थी आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरचा रंकाळा, पंचगंगा व कोटीतीर्थाचा परिसर रंगविला. त्यांचे आश्रयदाते छत्रपती शाहू महाराज यांचे दाजीपूर येथील शिकारीचे राखीव रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. मात्र यलोस्टोनसारखी चित्र आणि कायदा यांची थेट गाठ येथे पडली नाही. वारली चित्रकलेने वेगळी दृष्टी दिली : जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांच्या चित्रांत झाडे, जनावरे, शेत आणि माणसे एकाच जगात नांदतात.

शहागड व गोदाकाठ : शहागड (ता. अंबड, जि. जालना) हे गोदावरीच्या उत्तर तीरावरील गाव. सोलापूर–धुळे महामार्ग येथे नदी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्हा लागतो. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण असून त्याच्या नाथसागर जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरणाखालच्या पात्राला तसे कवच नाही. तेथील पाणी धरणातून सुटणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते आणि वाळूउपशाने पात्राचे रूप पालटते. नदीतील वाळवंट, डोह, बाभळी व काठाच्या दरडी यांना म्हणूनच चित्रकाराच्या नजरेची गरज आहे. एकाच ठिकाणाहून पावसाळा, हिवाळा व उन्हाळा अशी वर्षानुवर्षे काढलेली, स्थळ व दिनांक नोंदविलेली चित्रे नदीतील बदलांचा दस्तऐवज ठरू शकतात. शाळा व ग्रामपंचायतींना हे काम थोड्या साहित्यात करता येते.

मर्यादा : चित्र निवड करते. मोरनच्या परंपरेने दरी, धबधबे व शिखरे गौरविली. परंतु माणसांविना रंगविलेल्या रानाने तेथील रहिवाशांचा विसर पाडला, आणि यलोस्टोनमधून शोशोनी लोकांना पुढे बाहेर पडावे लागले. रम्यतेच्या ओढीने माळरानेही उपेक्षित राहतात. माळढोकासाठी नान्नज परिसरात १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी खुरटे गवत व काटेरी झुडपे यांची जमीन आजही सहज ‘पडीक’ ठरते. मराठवाड्याच्या निसर्गाचा मोठा भाग अशाच जमिनीचा आहे. तिचे चित्रण करणाऱ्याने गुराखी, मासेमार व शेतकरी यांना चौकटीत जागा द्यावी, उपशाचे खड्डेही दाखवावेत. चित्र लोकांना जागे करते. संरक्षण टिकते ते कायद्याच्या अंमलबजावणीने, नदीत राहणाऱ्या पाण्याने आणि काठावरच्या गावांच्या सहभागाने.